मोजावं कुठे, चाखावं कुठे

"किती घालू?" या प्रश्नाला आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आलं आहे: "घाल अंदाजाने." विचारणारी नवी सून असो, भाड्याच्या खोलीवरून फोन करणारा मुलगा असो, की निवृत्तीनंतर पहिल्यांदाच गॅससमोर उभे राहिलेले आजोबा, उत्तर बदलत नाही. ज्याला अंदाज आहे त्याला हे उत्तर लागत नाही, आणि ज्याला नाही त्याच्या ते उपयोगाचं नाही. मग तो मोबाइल उघडतो. तिथे सगळं मोजून दिलेलं असतं: अर्धा चमचा हळद, पाव चमचा हिंग, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. ते बरहुकूम करूनही आमटी कधी पाणचट होते, भाताचा गोळा होतो, ढोकळा खाली बसतो. आणि घरातली जाणती मंडळी म्हणतात, मोजून कुठे स्वयंपाक होतो का?

हा वाद किरकोळ नाही. तो रोज दोन वेळा होणाऱ्या कामाबद्दलचा आहे. ते काम घरात कुणाला शिकता येतं आणि कुणाच्या गळ्यात कायमचं पडतं, हे बरंचसं त्यावर ठरतं. म्हणून दोन्ही बाजू नीट तपासायला हव्यात.

आधी हाताची बाजू. तिच्यात जे तथ्य आहे ते मोजमापवाले सहसा पुरतं मान्य करत नाहीत. साधा भात घ्या. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे प्रमाण सगळीकडे सांगितलं जातं. पण दिवाळीनंतर बाजारात आलेला नवा इंद्रायणी तेवढ्या पाण्यात गिचका होतो. त्याला दीड-पावणेदोन वाट्या पुरतात. वर्षभर जुना कोलम तेवढ्याच पाण्यात मोकळा राहतो, कधी आणखी अर्धी वाटीही मागतो. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवला होता की तसाच टाकला, पातेल्यावर झाकण घट्ट बसतं की कडेने वाफ जाते, यानेही पाणी कमी-जास्त होतं. कागदावरचा दोनाचा आकडा यातलं काही सांगत नाही. गव्हाचंही तसंच. लोकवनच्या पिठाला लागणारं पाणी आणि खपलीच्या पिठाला लागणारं पाणी सारखं नसतं. गिरणीतून नुकतंच आलेलं पीठ आणि महिनाभर डब्यात राहिलेलं पीठही सारखं वागत नाही. ज्वारीच्या पिठाची तर जुनं झालं की विरी जाते, थापताना भाकरी कडेने चिरते, आणि पाणी कितीही मोजून घातलं तरी ती चिरतच राहते. तेव्हा उकळतं पाणी घालून, थोडी उकड काढून पीठ मळावं लागतं. हे बोटांना पिठाची पहिली मूठ मळतानाच कळतं. चिंच नवी की जुनी, मिरची ब्याडगी की लवंगी, टोमॅटो गावठी की नुसताच लालभडक, यानेही चमच्यांचा हिशोब फिरतो.

हवेचा प्रश्न वेगळाच. इडली-आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवा, असं लिहिलेलं असतं. डिसेंबरातल्या नाशकात ते सकाळी जसंच्या तसं सापडतं; मे महिन्यातल्या रत्नागिरीत पाच-सहा तासांत फुगून आंबट होतं. टोरांटोला किंवा लंडनला राहणारी मराठी माणसं ओव्हनमधला नुसता दिवा लावून आत भांडं ठेवतात, ते याचसाठी. इथे घड्याळापेक्षा पिठाकडे पाहिलेलं बरं. ते दीडपट-दुप्पट झालं आहे का, वर बारीक बुडबुडे आहेत का, वास आंबूस आहे की उग्र? पाण्याच्या वाटीत पिठाचा थेंब टाकावा; तो तरंगला तर पिठाने पुरेशी हवा धरली. उंचीनेही फरक पडतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, तर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि उघड्या पातेल्यातली डाळ तिथे जास्त वेळ घेते. मुंबईत लिहिलेल्या मिनिटांचा तिथे उपयोग नाही.

मोजणाऱ्याची आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. ज्याचं लक्ष पाककृतीच्या ओळीवर असतं, त्याचं कढईवर नसतं. कांदा आठ मिनिटं परतायचा असं वाचलं की तो आठ मिनिटं परततो, कांदा पाचव्या मिनिटाला कडेने काळा पडू लागला तरी. नाक, कान आणि डोळे घरात असून तो त्यांना कामाला लावत नाही.

आता मापाची बाजू. इथे मिठापासून सुरुवात करायला हवी. मिठाच्या बाबतीत आपली जीभ भरवशाची साक्षीदार नाही. ज्या घरात सगळंच थोडं खारट होतं, त्या घरातल्या कुणालाच ते खारट लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे. बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा साधारण ५ ते ६ ग्रॅमचा भरतो. म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घरात दिवसभराचं मीठ साडेतीन चमचे, आणि त्यातच लोणचं, पापड, चटणी, फरसाण, बेकरीचा पाव हे सगळं आलं. आपल्या घरात रोज किती मीठ जातं, हे चिमटीने घालणाऱ्या कुणालाही सांगता येणार नाही, मग ती कितीही मोठी सुगरण असो. एकदा आठवडाभर मोजून पाहावं. शिजलेल्या भाजी-आमटीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास मीठ बहुतेकांना बरोबर लागतं: किलोभर आमटीला दहा ग्रॅम, म्हणजे दोन सपाट छोट्या चमच्यांहून किंचित कमी. तिथून हळूहळू खाली यायचं असेल तर ते मोजूनच येता येतं. शिवाय खडेमिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे तेवढ्याच चमच्यात त्याचं वजन कमी भरतं. मीठ बदललं की हाताची सवय फसते, काटा फसत नाही.

तेलाचंही असंच. भांड्यात तेलाची धार धरणाऱ्या हाताला स्वतःचा हिशोब कळत नाही. पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख डब्यावर लिहून ठेवली, तर एक लिटर किती दिवस पुरलं ते आपोआप समोर येतं.

सोड्याचं तर अंदाजावर मुळीच सोडू नये. ढोकळ्यात खायचा सोडा जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते, आणि नीट मिसळला नाही की पिवळ्या ढोकळ्यावर लाल ठिपके उमटतात, कारण क्षार लागला की हळद लाल होते. छोले-वाटाणे लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवयही सोडावी. त्याने बी-१ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होतं. त्याऐवजी रात्री भिजत घालतानाच पाण्यात थोडं मीठ घालावं, ते पाणी सकाळी ओतून द्यावं, कडधान्य मऊ शिजतं. मिठाने डाळ शिजत नाही हा समज घरोघरी आहे, पण डाळीला खरं अडवतं ते आंबट आणि जड पाणी. चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातले की डाळीचा दाणा आतून घट्ट राहतो, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातही तेच होतं. आंबट नेहमी डाळ पुरती शिजल्यावर.

इथवर दोन्ही बाजूंचं पारडं जवळपास सारखंच दिसतं. निर्णयासाठी मला आधार वाटतो तो जुन्या स्वयंपाकघराचाच, पण आपण ज्या जुन्या स्वयंपाकघराची आठवण काढतो त्याचा नाही, तर जे खरोखर होतं त्याचा. आजी काहीच मोजत नव्हती, हे अर्धसत्य आहे. तिच्या कोठीत चिपटं, मापटं, शेर होते. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हा हिशोब तिला तोंडपाठ होता. रोजचे तांदूळ ती मापट्याने काढत असे, घरात आज पानावर किती माणसं आहेत ते मोजून. आणि उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायची वेळ आली की किलोभर मिरचीला धने किती, खोबरं किती, दगडफूल किती, हे तराजूने ठरत असे. कैरीच्या लोणच्याला किलोभर फोडींमागे दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ, आणि त्यात कुचराई नाही. कारण मीठ कमी पडलं तर पावसाळ्यात बुरशी येते, आणि तेव्हा चाखून सुधारायला काही उरलेलं नसतं. हीच बाई आमटीत मात्र मीठ-गूळ हाताने घालायची आणि पळीभर तळहातावर घेऊन चव पाहायची.

म्हणजे तिने स्वतःच वाटणी केली होती. जिथे चूक मागाहून दुरुस्त होत नाही, तिथे माप. जिथे शिजता शिजता सुधारता येतं, तिथे जीभ आणि हात. मला हीच वाटणी आजही बरोबर वाटते, आणि घरच्या स्वयंपाकाबद्दलचे बरेचसे वाद तिने मिटतात.

तिचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड. तिथे पीठ, मीठ, पापडखार, मसाला यांचं माप केंद्रावर ठरतं, पीठ तिथेच तयार होतं. भगिनी ते घरी नेतात आणि लाटतात. डाळीचं पीठ आणि खार यांच्या प्रमाणात चूक झाली तर लाटणारीच्या हाताला ती निस्तरता येत नाही. लाटणं मात्र तिच्याच हाताचं. हजारो हातांनी लाटलेल्या पापडांची चव सारखी लागते ती या वाटणीमुळे.

ही कसोटी आपल्या ओट्यावर लावून पाहू. उकडीच्या मोदकाची उकड मोजावी. ताज्या तांदूळपिठीला तितक्याच वाटीने तितकंच पाणी, त्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळून उकळल्यावरच पिठी, मग झाकून दणदणीत वाफ. तांदळात गव्हासारखा चिकट ताण नसतो, तिथे सगळं शिजलेल्या पिठूळपणावर चालतं, म्हणून पाणी पुरेसं तापलेलं नसलं तर पिठी शिजत नाही आणि पारी कडेने फाटते. पाणी जास्त झालं आणि वरून कोरडी पिठी घालून सावरू गेलं, तर ती कच्चीच लागते आणि मोदक वाफेवर पसरतात. पाकाचे लाडू मोजावेत. एकतारी पाक साधारण १०५ अंशांच्या आसपास होतो. रवा त्यात पडल्यावर पाक पुढे गेलेला होता हे कळलं, तर लाडू वळत नाहीत. इथे थर्मामीटर चालेल, पण दोन बोटांमधली तारही तेच सांगते, आणि अधिक लवकर सांगते. ती तार म्हणजे एक प्रकारचं मापच आहे. गूळ घातलेली खीर घ्या. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं, आणि फाटलेलं परत जोडता येत नाही. गॅस बंद करून दूध निवू द्यायचं, मग गूळ. भाताचं पाणी मोजावं, पण त्या त्या तांदळाचं एकदा ठरवून डब्यावर लिहून ठेवावं.

आणि मोजू नये काय? भाजीतलं तिखट, आमटीचा दाटपणा, कोशिंबिरीचं लिंबू, पिठल्याचं पाणी, चटणीचा गूळ. या सगळ्यांना पुढच्या पळीत सुधारता येतं, फक्त एका दिशेने आपण सावध राहायला हवं: कमीपासून सुरू करायचं. घालता येतं, काढता येत नाही. आमटी खारट झालीच तर बटाटा टाकून मीठ शोषलं जाईल यावर विसंबू नये. बटाटा घेतो ते पाण्यासकट घेतो. मीठ न घातलेलं डाळीचं वरण त्यात वाढवावं, हा खरा उपाय.

पण या वाटणीला एक वाजवी आक्षेप आहे. ज्या आमटीत काय कमी आहे हे चाखून ओळखायचं, ते ओळखण्यासाठी तिची बरोबर चव आधी माहीत हवी. नव्या माणसाला ती नसते. आमटी "काहीतरी चुकल्यासारखी" लागते, पण मीठ कमी की आंबट कमी, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून शिकणाऱ्याने सुरुवातीला सगळंच मोजावं, जे पुढे मोजायची गरज पडणार नाही तेही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने मराठी घरांत केलेलं मोठं काम हेच होतं: वाटी आणि चमचा ही घरातलीच साधनं घेऊन त्यांनी मापं दिली, आणि सासू-आईपासून दूर, शहरातल्या दोन खोल्यांत संसार थाटलेल्या हजारो मुलींना ती आधार झाली. तेव्हाही वाटी सगळ्या घरांत सारखी नव्हती, आणि आजही नाही. कुणाची दीडशे मिलीलिटरची, कुणाची दोनशेची. परदेशातल्या कपाचं आणखी वेगळं. म्हणून एक साधी गोष्ट करावी. आपल्या रोजच्या वाटीत एकदा पाणी भरून ते काट्यावर तोलावं. पाण्याचे जितके ग्रॅम, तितक्याच मिलीलिटरची ती वाटी. मग कुठलंही पुस्तक आपल्या वाटीत आणता येतं.

याहून अवघड प्रश्न आचेचा आहे. ती ना वाटीत मावते ना काट्यावर. मोठी आच, मध्यम आच या शब्दांना अर्थ नसतो. एकाचा लहान बर्नर दुसऱ्याच्या मोठ्या बर्नरच्या निम्मा असतो, इंडक्शनचं गणितच निराळं. इथे माप चालत नाही आणि नुसता अंदाज सांगून भागत नाही. इथे खुणा लागतात, आणि खुणा सांगता येतात. हाताचं कसब शब्दांत मांडता येत नाही असं जे म्हटलं जातं, ते मला बहुतांशी पटत नाही. बहुतेक वेळा कुणी ते मांडायला बसलेलंच नसतं.

फोडणी पाहा. तेल तापलं की त्याच्यावर बारीक लाटा दिसू लागतात, आणि कढई जरा तिरकी केली की ते पाण्यासारखं पळतं. तेव्हा एक मोहरी टाकायची. ती बुडाशी गप्प बसली तर थांबायचं. टाकताच काळी पडून करपट वास आला तर गॅस बंद करून तेल निवू द्यायचं. ती लगेच वर येऊन तडतडली, तर उरलेली मोहरी घालायची. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती टरफल फोडते, तोच तो आवाज. आधी दाट, मग विरळ. आवाज विरळ झाला म्हणजे मोहरी झाली, आणि त्याआधी जिरं घालण्याची घाई करायची नाही, कारण कच्ची मोहरी भाजीभर कडू लागत राहते. जिरं मात्र चार-पाच सेकंदांत फुलतं. मग हिंग. कढीपत्ता पुसून कोरडा केलेला, नाहीतर तेल अंगावर उडतं. हळद आणि तिखट सगळ्यात शेवटी, आच अगदी मंद करून किंवा गॅस बंदच करून. पूड बारीक असल्यामुळे ती क्षणात करपते. आणि लगेच पाठोपाठ कांदा किंवा भाजी, म्हणजे तेलाचा ताप उतरतो. मिरची-हळदीचा रंग आणि हिंगाचा वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. म्हणून हे सगळं तेलातच व्हायला हवं, आणि भाजीत वरून कोरडी हळद टाकून ते साधत नाही. यात एकही माप नाही, तरी शिकणाऱ्याला हे सगळं पहिल्याच दिवशी करता येईल. "फोडणी नीट कर" असं म्हणण्यात आणि हे सांगण्यात जो फरक आहे, तोच आपल्याकडे शिकवण्यात राहून जातो.

मसाला भाजण्याचंही तेच. गोड्या मसाल्यातले तीळ, धने, खोबरं, दगडफूल वेगवेगळे भाजायचे, कारण धने रंगावर येईपर्यंत तीळ जळून गेलेले असतात. तीळ उडू लागले की काढायचे, खोबरं बदामी झालं की काढायचं. गरम कढईत ते आपणहून आणखी भाजत राहतं, म्हणून जरा आधीच.

कुकर हा या सगळ्यात उलटा न्याय लावावा लागणारा प्रकार आहे. तिथे आपण खुणेवर चालतो, आणि ती खूण खोटी आहे. शिट्ट्या मोजणं म्हणजे वेळ मोजणं नव्हे. आच मोठी, कुकर लहान, पाणी कमी असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात. उलट असेल तर बारा मिनिटं लागतात. पाच शिट्ट्या काढूनही तूरडाळ कणीदार राहिली, अशी तक्रार करणारी बाई चुकलेली नसते. शिट्ट्यांचं गणितच चुकलेलं असतं. कुकरच्या आत दाब पूर्ण आला की तापमान सुमारे १२० अंशांवर जातं आणि तिथेच टिकतं. म्हणून पहिली शिट्टी होऊ द्यावी, आच अगदी बारीक करावी, आणि तिथून मिनिटं मोजावीत. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ आठ-दहा मिनिटांत होते. मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी, त्या वेळातही डाळ शिजत असते. गॅस वाचतो, पाणी शिटीतून उडून ओट्यावर येत नाही, आणि रोज सारखी डाळ मिळते. इथे पिढीजात सवय बाजूला ठेवून घड्याळ स्वीकारावं, असं मी ठामपणे म्हणेन.

आता ज्या गोष्टीमुळे हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, तिच्याकडे येतो. "आईच्या हाताची चव" हे कौतुक खरं आहे. पण त्या कौतुकाचा एक परिणाम असा होतो की आईच्या हातावाचून चूल पेटत नाही. चव हाताला असते, ती शिकवता येत नाही, असं एकदा ठरलं की घरातल्या बाकीच्यांना शिकण्याची गरजच उरत नाही. ती आजारी पडली की दोन दिवस बाहेरून डबा येतो, आणि ती उठली की पुन्हा ओट्याशी. ज्यांना शिकायचं असतं, मुलगा असो की मुलगी, त्यांनाही काही धरायला सापडत नाही. मोजण्याला आणि खुणा सांगण्याला माझा पाठिंबा आहे तो मुख्यतः यासाठी. जे मोजून आणि सांगून देता येतं, ते घरातलं कुणीही घेऊ शकतं.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर यात एक नुकसानही आहे, ते नाकारू नये. सगळं लिहून झालं की सगळ्या घरांची आमटी एकाच पुस्तकासारखी होऊ लागते. सांगलीच्या घरातली, सावंतवाडीच्या घरातली आणि नागपूरच्या घरातली डाळ वेगळी लागते, ती त्या त्या पाण्याने, मिरचीने आणि हाताच्या सवयीने. छापील मापाने हे वेगळेपण पुसट होऊ शकतं. त्यावर उपाय पुस्तक नव्हे, घरची वही. आईने करावं आणि शिकणाऱ्याने शेजारी उभं राहून लिहावं, तिच्यावरच लिहिण्याचंही काम टाकू नये. तिने चिमटीत मीठ घेतलं की आधी ते काट्यावर ठेवायला सांगावं, मग पातेल्यात. तिने झाकण उघडून "झालं" म्हटलं की विचारावं, काय पाहून म्हणालीस? ती म्हणेल कडेला तेल सुटलं, किंवा वास बदलला, किंवा पळीवरून डाळ सलग उतरली. ते तिच्याच शब्दांत लिहावं. प्रमाण आणि खूण, दोन्ही एका ओळीत: एवढं पाणी, आणि असं दिसेपर्यंत. तांदूळ कुठला, पीठ कुठल्या गव्हाचं, महिना कोणता, हेही कडेला. तीन-चार पदार्थांपासून सुरुवात पुरे. रोजची आमटी, भात, एखादी उसळ, एखादी फळभाजी, सणाचं मागाहून.

पोळी मात्र या वहीत बसत नाही, आणि तिथे मी हाताच्या बाजूने उभा राहीन. कणीक मळून वीस मिनिटं झाकून ठेवावी, म्हणजे ती लाटताना मागे खेचत नाही; तवा चांगला तापलेला हवा; पहिली बाजू रंग बदलताच उलटावी; एवढं सांगता येतं. पण कडा मध्यापेक्षा जाड राहू नयेत म्हणून लाटण्यावरचा दाब कुठे सोडायचा, हे सांगून येत नाही. ते रोज लाटूनच येतं, आणि महिने लागतात. तोवरच्या पोळ्या जाड असतील, काही फुगणार नाहीत, काही कडेला कच्च्या राहतील. शिकणाऱ्याच्या हातून लाटणं काढून घेऊन "दे इकडे, मी पटकन करते" असं न म्हणता त्या पोळ्या पानात वाढून घ्यायच्या, एवढं घरच्यांना करता येईल.